फायरवॉल, व्हीपीएन आणि बारा बाइट

आमच्या पुण्याच्या ऑफिसातला गेटवे म्हणजे कपाटात ठेवलेला एक छोटा पीसी. ऑफिसचं सगळं नेटवर्क त्यातूनच बाहेर जातं. त्यावर लिनक्स, एनएफटेबल्सची फायरवॉल (कुठलं पॅकेट जाऊ द्यायचं, कुठलं अडवायचं ते ठरवणारी) आणि नाशिकच्या शाखेला जोडणारा व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा एन्क्रिप्टेड टनेल. व्हीपीएनचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जोडायचा भाग, एका कंपनीकडून घेतलेलं. सोर्स मिळतो, पण ते मूळ कर्नलमधलं नाही, वेगळं बांधून बसवावं लागतं. कर्नलही आम्हीच बांधलेला, नको ते सगळं काढून. साउंड नाही, ब्लूटूथ नाही, वायफाय नाही. यातलं वायफाय लक्षात असू द्या.

महिनोन्‌महिने विनातक्रार चालणारा हा गेटवे अचानक सकाळी ऑफिस उघडायच्या सुमारास पडायला लागला. पडला की आपोआप रीबूट व्हायचा, टनेल जोडला जायचा आणि थोड्या वेळात पुन्हा आडवा. लॉगमध्ये काहीच नाही. कोसळणाऱ्या कर्नलला डिस्कवर लिहायची सवड नसते. मॉनिटर लावून बसलो तर ‘कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, फेटल एक्सेप्शन इन इंटरप्ट’ एवढंच हाती लागलं. कामाचा मजकूर त्याच्या वर असतो, आणि तो केव्हाच सरकून गेलेला.

व्हीपीएनवाले म्हणाले, फायरवॉल बंद करून बघा. फायरवॉल सांभाळणारा आमचा सहकारी म्हणाला, व्हीपीएन बंद करून बघा. गंमत म्हणजे दोघंही बरोबर ठरले! दोन्हींपैकी कुठलंही एक बंद केलं की पॅनिक थांबायचं. मग बैठकीत पुढचा तास ‘तुमचं की आमचं’ यातच गेला.

मी केडंप बसवला, कोसळत्या कर्नलची मेमरी वाचवून ठेवणारी सोय. बूटच्या वेळी २५६ एमबी मेमरी बाजूला राखून ठेवायची. मुख्य कर्नल कोसळला की त्या राखीव जागेतून दुसरा कर्नल उठतो आणि पहिल्याची मेमरी जशीच्या तशी फाइलमध्ये उतरवतो. ती फाइल ‘क्रॅश’ नावाच्या टूलमध्ये उघडायला त्याच बिल्डचा, डीबग माहितीसकटचा व्हीएमलिनक्स, म्हणजे कर्नलची न आवळलेली मूळ फाइल, लागतो. बिल्डचं फोल्डर उडवलेलं नव्हतं, म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवे पडला आणि पहिल्यांदाच बरं वाटलं. त्या फाइलमधली, म्हणजे डंपमधली, कामाची ओळ ‘एसकेबी अंडर पॅनिक’ची होती. तिच्यात लेन (पॅकेटची लांबी) १००, पुट (शेवटचा लावलेला हेडर) २०, आणि डेटाचा पत्ता हेडच्या, म्हणजे पॅकेटला दिलेल्या जागेच्या सुरुवातीच्या, पत्त्यापेक्षा बारा बाइट अलीकडे.

कर्नलमध्ये प्रत्येक पॅकेट एसकेबी नावाच्या रचनेत असतं. डेटाच्या आधी थोडी जागा मोकळी सोडलेली असते, वहीतल्या समासासारखी. पॅकेट बाहेर जाताना प्रत्येक थर आपला हेडर, म्हणजे पॅकेटच्या पुढे लावायची माहितीची पट्टी, तिथे भरतो. जागा संपल्यावरही कोणी हेडर लावायला गेलं, तर दुसऱ्याची मेमरी खराब होण्याआधी कर्नल स्वतःच थांबतो. इथे तेच झालं होतं.

आता १०० बाइटचा हिशोब. बाहेरचा आयपी हेडर २०, यूडीपी ८, मॉड्यूलचा स्वतःचा हेडर १६ आणि शेवटी एन्क्रिप्शनचा टॅग १६. उरले ४०, म्हणजे आतला आयपी हेडर २० आणि टीसीपी हेडर २०. आत डेटा शून्य. कॉल ट्रेसमधल्या (कोसळताना कुठलं फंक्शन कुठून बोलावलं गेलं त्या यादीतल्या) प्रश्नचिन्हवाल्या, भरवशाच्या नसलेल्या ओळी सोडून खाली गेलो, तर ‘एनएफ सेंड रीसेट’ सापडलं. हे पॅकेट कोणा माणसाचं नव्हतंच, फायरवॉलने स्वतः तयार केलेलं नकाराचं उत्तर होतं.

मग सगळं जुळलं. आधीच्याच आठवड्यात टनेलवरचा एक नियम ‘ड्रॉप’चा (गुपचूप टाकून द्या) ‘रिजेक्ट विथ टीसीपी रीसेट’ (लगेच नकार कळवा) केला होता, लोक बंद पोर्टवर ताटकळत बसू नयेत म्हणून. आणि नाशिकच्या एका लॅपटॉपवर केव्हाच काढून टाकलेल्या फाइल सर्व्हरचा ड्राइव्ह अजून मॅप केलेला होता. लॅपटॉप सुरू झाला की ४४५ या फाइल शेअरिंगच्या पोर्टवर धडक, फायरवॉलचा नकार, आणि तो नकार टनेलमधून परत पाठवताना कर्नल आडवा. खात्रीसाठी ऑफिस सुटल्यावर नाशिकहून एनसी या जोडणी तपासायच्या टूलने त्याच पोर्टला हात लावला. एका फटक्यात पडला.

नेटफिल्टर, म्हणजे कर्नलमधला फायरवॉलचा भाग, हे रीसेट पॅकेट बनवताना पुढे किती जागा सोडतं, हे कर्नलच्या बांधणीवर ठरतं. वायफाय आणि त्याचं मेश (उपकरणांनी थेट एकमेकांना जोडायची सोय) चालू असलेल्या कर्नलमध्ये १२८ बाइट, आमच्यासारख्या सोललेल्या कर्नलमध्ये ३२. मॉड्यूलला पुढच्या तीन हेडरसाठी (२०, ८ आणि १६) हवे होते ४४. बत्तीसमधून चव्वेचाळीस गेले, उणे बारा. मॉड्यूलने आपली गरज ‘नीडेड हेडरूम’मध्ये नोंदवली होती, पण ही नोंद म्हणजे निव्वळ विनंती, दर वेळी ती पाळली जाईलच असं नाही, हे कर्नलच्या सोर्समध्येच लिहिलंय. हेडर लावण्याआधी ‘एसकेबी काउ हेड’ हे फंक्शन बोलावून जागा आहे का बघायची आणि नसेल तर वाढवून घ्यायची, ही जबाबदारी पाठवणाऱ्याची. कर्नलमधल्याच वायरगार्ड या व्हीपीएनचा कोड उघडून बघा, तिथे हे नेमकं केलेलं आहे.

कंपनीचं पहिलं उत्तर ‘आमच्याकडे होत नाही’ असं आलं. खोटं नव्हतं ते. त्यांच्या चाचण्या नेहमीच्या डिस्ट्रोच्या (तयार मिळणाऱ्या लिनक्सच्या) कर्नलवर, १२८ बाइटच्या ऐसपैस जागेत चालायच्या. मी डंपमधली ती ओळ, वरची वजाबाकी आणि चार ओळींचा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवला. त्यांचं उत्तर येईपर्यंत टनेलवर पुन्हा ‘ड्रॉप’ लावून ठेवला. नंतर पॅच घातलेलं मॉड्यूल बांधून ‘रिजेक्ट’ परत चालू केलं आणि रात्रभर नाशिकहून स्क्रिप्टने ४४५वर धडका मारत ठेवल्या. सकाळी अपटाइम तुटलेला नव्हता, म्हणजे गेटवे एकदाही पडला नव्हता. कंपनीने त्यांच्या पुढच्या आवृत्तीत तो पॅच घेतला, आणि चाचणीसाठी आमच्या कर्नलची कॉन्फिग फाइलही मागून घेतली.