कधी सुरू होणारा, कधी न होणारा लॅपटॉप

पूर्णपणे बंद पडलेल्या लॅपटॉपचे निदान तुलनेने सोपे असते, कारण बिघाड सतत समोर हजर असतो आणि प्रत्येक तपासणीचे उत्तर लगेच मिळते. जो लॅपटॉप सकाळी दाद देत नाही आणि दुपारी काही झालेच नव्हते अशा थाटात सुरू होतो, त्याच्या बाबतीत मात्र कोणताही उपाय केला तरी तोच लागू पडला असे वाटू लागते. बॅटरी काढून पुन्हा बसवली आणि लॅपटॉप सुरू झाला, तर तो त्यामुळे सुरू झाला की त्या वेळी तसाही झालाच असता, हे कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच अशा यंत्राला स्क्रू ड्रायव्हर लावण्यापूर्वी ते नेमके कोणत्या परिस्थितीत सुरू होत नाही याची नोंद ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. चार्जर जोडलेला होता का, बॅटरीत चार्ज होता का, लॅपटॉप रात्रभर बंद होता की नुकताच वापरून बंद केला होता, बटण दाबल्यावर दिवा लागला का, पंखा फिरला का, एवढे लिहिले तरी पुरते.

नोंदींइतकेच तातडीचे काम म्हणजे माहितीची प्रत. लॅपटॉप ज्या वेळी सुरू होईल त्या वेळी तो बंद न करता आधी सगळ्या महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. तो पुढच्या वेळी सुरू होईलच याची खात्री नसते आणि हे काम झालेले असले की पुढची तपासणी शांत डोक्याने करता येते.

‘सुरू होत नाही’ या तक्रारीखाली वेगवेगळे बिघाड येतात. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो, तर वीज पोहोचत आहे आणि दोष पुढे कुठेतरी आहे. अशा वेळी अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारून पाहावा. अंधुक चित्र दिसले तर फक्त मागचा प्रकाश गेलेला असतो. चित्र नसेल तर रॅमच्या (चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणाऱ्या मेमरीच्या) पट्ट्या काढून, त्यांचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, एका वेळी एकच पट्टी बसवून पाहावे. जुन्या लॅपटॉपमध्ये या साध्या उपायाने बरेचदा काम होते. विंडोज ८ पासून आलेली ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोयही बंद करून ठेवावी, कारण ती चालू असताना ‘शट डाउन’ केल्यावरही प्रणालीचा काही भाग डिस्कवर जतन होऊन राहतो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. त्यातून उद्भवणारा घोळ वरवर पाहता यंत्राच्या बिघाडासारखाच दिसतो.

बटण दाबल्यावर काहीच होत नसेल, तर वीज येण्याचा मार्ग तपासायचा. सुरुवातीला चार्जर आणि निघणारी असल्यास बॅटरी काढून पॉवरचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरावे, म्हणजे सर्किटमध्ये अडकून राहिलेला चार्ज निघून जातो. त्यानंतर चार्जर पाहावा. त्यावर १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर असे लिहिलेले असेल तर तो सुमारे ६५ वॅटचा आहे आणि मल्टिमीटरने, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या उपकरणाने, पिनेवर मोजल्यास १९.५ च्या अगदी जवळचा आकडा यायला हवा. आकडा कमी आला किंवा वायर हलवताना उड्या मारू लागला, तर दोष सापडला. वायर बहुतेक वेळा पिनेजवळच्या रबरी बाहीतच आतून तुटते. मात्र आकडा बरोबर आला म्हणून चार्जर निर्दोष ठरत नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते. मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट खेचत नाही. लॅपटॉप सुरू होताना भार पडला की थकलेल्या चार्जरचे व्होल्टेज कोसळते. खरी परीक्षा त्याच व्होल्टेजचा आणि तेवढ्याच किंवा अधिक वॅटचा दुसरा चार्जर लावूनच होते. डेल आणि एचपीच्या अनेक चार्जरच्या पिनेत मधोमध जी बारीक सुई असते, ती चार्जरची ओळख लॅपटॉपला कळवते. ती वाकली तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही. टाइप-सी चार्जर लॅपटॉपशी बोलणी झाल्याशिवाय पूर्ण व्होल्टेज देतच नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत मल्टिमीटरचा हा उपाय चालत नाही.

माझ्या लॅपटॉपच्या बाबतीत नोंदींनीच वाट दाखवली. तो बहुतेक सकाळी, म्हणजे रात्रभर थंड पडून राहिल्यावर अडायचा आणि एकदा सुरू झाला की दिवसभर कितीही वेळा बंद करून चालू केला तरी कुरकुर करत नसे. बॅटरी जुनी होती, जेमतेम काही मिनिटे टिकायची, तरी तपासणीला ती पुरेशी होती: बॅटरीत चार्ज असताना चार्जर काढून सकाळी बटण दाबले तर लॅपटॉप दरवेळी सुरू व्हायचा. याचा अर्थ बटण, रॅम आणि मदरबोर्डचा मोठा भाग संशयातून बाहेर पडला. दुसऱ्या चार्जरनेही तीच अडचण आल्यावर उरला तो चार्जिंगचा जॅक, म्हणजे चार्जरची पिन जिथे बसते ती लॅपटॉपमधली खोबण. मदरबोर्ड बाहेर काढून जॅकच्या पाठीमागचे सोल्डर (जॅक बोर्डला जोडणारा वितळवलेल्या धातूचा सांधा) भिंगातून पाहिले, तेव्हा जॅकच्या मधल्या पिनेभोवती केसाएवढे बारीक, काळपट कडे दिसले. चार्जरची पिन वर्षानुवर्षे आत-बाहेर केल्याच्या ताणाने तिथले सोल्डर गोलाकार तडकले होते. थंडीत ती फट उघडायची आणि बोर्ड तापला की मिटायची. जुने सोल्डर काढून नवे भरल्यावर बॅटरी न बसवता, केवळ चार्जरवर, थंड सकाळी लॅपटॉप सुरू होऊ लागला आणि मगच मी दुरुस्ती झाली असे मानले. बऱ्याच लॅपटॉपमध्ये जॅक छोट्या वायरने जोडलेला असतो, तिथे सोल्डरिंगची गरजच पडत नाही. जॅक वायरसकट बदलला की काम होते.

बॅटरीवरही सुरू होत नसेल तर पॉवर बटणाची रिबन केबल सैल झाली आहे का, झाकणाचा चुंबकीय सेन्सर अडकला आहे का, हे पाहावे. तारीख-वेळ वारंवार मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा बटन सेल बदलावा. काही मॉडेल तो संपल्यावर सुरू व्हायलाही त्रास देतात. बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचलला गेला किंवा खालचे झाकण नीट बसेनासे झाले, तर बाकी सगळी तपासणी थांबवून ती बॅटरी आधी बाहेर काढावी. ती दाबू नये, टोचू नये आणि पुन्हा चार्ज करू नये.

मदरबोर्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला धोकादायक वाटतो: त्याने बिघाड काही काळ दबला तरी प्लॅस्टिकचे भाग आणि कपॅसिटर खराब होतात. बोर्डवरच वीज तयार होत नसेल तर ते काम चिप पातळीवर दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराचे आहे. तोवर डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घालून वाचता येते, मात्र ती बिटलॉकरने (विंडोजमधल्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीने) कुलूपबंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. लॅपटॉप अजून अधूनमधून सुरू होत असेल, तर ही की आजच उतरवून वेगळ्या ठिकाणी ठेवावी.