युकुलेलेची साथ आणि गाण्याची मालकी

माझा आवाज काळी चारमध्ये मोकळा लागतो, आणि युकुलेले या चार तारांच्या छोट्या वाद्याच्या पहिल्या फ्रेटवर (पट्टीवरच्या पहिल्या आडव्या घरात) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा, लावून ‘जी’ (G) कॉर्डच्या आकारात वाजवले की नेमका तोच सूर मिळतो. मात्र जी-सी-ई-ए या प्रचलित जुळणीत चौथी तार वरच्या जीमध्ये असल्याने वाद्याला खर्जाचा आधार जवळजवळ नसतो. म्हणून मी टेनर, म्हणजे थोड्या मोठ्या आकाराचे, युकुलेले घेऊन चौथ्या जागी खालच्या जीची तार चढवली आणि स्वतःच्या चाली त्या बेताने बांधल्या. (लोक अजूनही त्याला छोटी गिटार म्हणतात, त्याला इलाज नाही.)

पहिले गाणे प्रसिद्ध करणे सोपे गेले. डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे गाणी ऑनलाइन सेवांवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडे, वेव्ह फाइल, मुखपृष्ठ आणि श्रेयनामावली दिली, की ध्वनिमुद्रणाला बारा अक्षरांकी आयएसआरसी क्रमांक मिळतो. खरा वेळ गेला तो हक्कांच्या कागदपत्रांत. एकाच गाण्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आणि शब्द-चालीचा वेगळा असतो, आणि आयएसआरसीने फक्त ध्वनिमुद्रणाची ओळख पटते. शब्द-चालीसाठी मी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, या शब्द-चालीच्या वापराची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेची गीतकार आणि संगीतकार अशा दोन्ही नात्यांनी सभासद झाले आणि प्रत्येक रचना स्वतंत्रपणे नोंदवली.

याच सुमारास एका कंपनीकडून करार आला. आगाऊ रक्कम बरी होती, पण एका कलमानुसार शब्द, चाल, ध्वनिमुद्रण आणि सगळी रॉयल्टी कायमची त्यांच्या नावे होत होती. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार, ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्द-संगीताच्या रॉयल्टीतील समान वाटा गीतकार-संगीतकाराला कायदेशीर वारस किंवा (आयपीआरएससारखी) कॉपीराइट सोसायटी यांच्याखेरीज कोणाच्याही नावे करून देता येत नाही, हे मी त्यांना लेखी कळवले आणि केवळ ध्वनिमुद्रणाचा मुदतबंद परवाना देऊ केला. त्यावर उत्तर आले नाही. गाणे मी स्वतःच काढले.

उत्पन्नाचे म्हणाल, तर मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला रॉयल्टी न देण्याचा स्पॉटिफायचा २०२४ पासूनचा नियम नवख्या मराठी गायिकेला जाचकच वाटतो. माझे घरभाडे सुटते ते छोट्या मैफली आणि शिकवण्यांतून. मैफल ठरवताना मानधन आणि डीआय बॉक्स (वाद्य ध्वनिव्यवस्थेला जोडणारी पेटी) यांच्याइतकाच आग्रह मी, गाणी जाहीरपणे सादर करण्यासाठी लागणाऱ्या आयपीआरएसच्या परवान्याचा धरते, आणि गायच्या गाण्यांची यादी आयोजकाला आधीच पाठवून ठेवते.