बंडूनं मेथी टाकली

आमच्या घरात कुणी कुणाला "काय झालंय" असं विचारत नाही, "जेवला का नाहीस" असं विचारतात. नवऱ्याचं ऑफिसात बिनसलं की डब्यातली भाजी तशीच परत येते, पोराचा पेपर अवघड गेला की तो ताटातला भात चिवडत बसतो, आणि सासूबाईंना माझं एखादं वागणं पटलं नाही की त्या दिवशी त्यांना नेमकी "भूकच नाहीये गं". त्यामुळं एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी बंडूनं मेथी हुंगली, नाकानं बाजूला ढकलली आणि पाठ फिरवून बसला, तेव्हा सगळं घर पिंजऱ्याभोवती गोळा झालं. बंडू म्हणजे आमचा ससा. म्हणजे ससा नाही, मादी आहे, पण विकणाऱ्यानं "नरच आहे ताई, गॅरंटी" म्हणून दिला, महिनाभराच्या पिल्लात ते ओळखणं अवघडच असतं म्हणे, आणि खरं काय ते कळेपर्यंत नाव पक्कं झालं होतं. तेव्हापासून आमच्याकडं बंडू येते, बंडू जाते, बंडू चावते.

आता हिचं खाणं म्हणजे घड्याळ. सकाळी सहाला मेथी नाहीतर कोथिंबिरीच्या काड्या, दिवसभर सुकं गवत, संध्याकाळी मारुतीच्या देवळामागच्या हरळीची मूठ. गाजर खरं तर सशाला रोज द्यायचं नसतं, त्यात साखर फार, पण हे कार्टून बघून मोठ्या झालेल्या पोराला कोण सांगणार. शिवाय सासूबाई गुपचूप भिजवलेले हरभरे चारायच्या. बंडू आठ महिन्यांची झाली तोवर गळ्याखाली गायीला असते तशी पोळी लोंबायला लागली होती आणि आम्ही ते कौतुकानं येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो.

तर अशा खादाड जिवानं मेथी टाकली. बरं, उपास म्हणावा तर तोही नाही. मेथी नको, हरळी नको, पण खराट्याच्या काड्या हव्यात, चटईची कड हवी, सासूबाईंच्या पोथीची लाल फीत हवी. एक वेळ कडब्याचं वाळकं पान असं चवीनं खाल्लं की जणू पुरणपोळी. मधेच मागचा पाय आपटायची, मधेच नवऱ्याच्या पायाभोवती गोल गोल पळायची, आणि दिसेल त्या वस्तूला हनुवटी घासायची, गॅसची टाकी, चपला, पाण्याचा माठ, काही सोडलं नाही. हनुवटीखाली ग्रंथी असतात, त्यांचा वास लावून ती "हे माझं, तेही माझं" असं सांगत असते, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं खाज सुटलीय.

सासूबाई म्हणाल्या, "डोहाळे लागलेत तिला."

"अहो आई, एकटी आहे ती. डोहाळे कसे लागतील?"

"मग लागायच्या आधीचे असतील."

मी हसले, पण डॉक्टरकडं गेले तेव्हा तेही जवळजवळ हेच म्हणाले. आमचे डॉक्टर मुळात गायी-म्हशींचे, ससा त्यांच्याकडं वर्षातून दोन-चारदा येत असेल, तरी माणूस शांत. आधी त्यांनी विचारलं लेंड्या होतात का. मी पिशवीतून नेल्याच होत्या (हो, नेल्या होत्या, कागदात बांधून, रिक्षात). गोल, कोरड्या, पुष्कळ. म्हणाले मग आजारी नाही. ससा खायचा थांबला की त्याचं आतडंच थांबतं, त्याला ओकताही येत नाही, त्यामुळं बारा तास कशालाच तोंड लावलं नाही तर रात्र आहे, रविवार आहे बघायचं नाही, उचलायचं आणि आणायचं. पण ही निवडून खातेय, लेंड्या नीट आहेत, अंगात मस्ती आहे. मग तिला हातावर उताणी करून बघितलं आणि म्हणाले, "लालसर झालंय. नराला तयार आहे ही."

मला गाईचं माहीत होतं, दर एकवीस दिवसांनी माजावर येते, हंबरते, वैरण टाकते. माझ्या माहेरी गाय अशी वैरणीवरून तोंड फिरवून उभी राहिली की वडील न बोलता शर्ट चढवायचे. डॉक्टर म्हणाले सशाचं तसं कॅलेंडर नसतं. मधले थोडे दिवस सोडले तर मादी बहुतेक वेळ तयारच असते, आणि बीज आधी सुटत नाही, नर भेटल्यावर दहा-बारा तासांनी सुटतं. मांजरीचं आणि उंटिणीचंही असंच. मी मनात म्हटलं, किती हिशेबी कारभार आहे, पाहुणा आल्याशिवाय स्वयंपाकच नाही.

आणि मग ते गळ्याखालच्या पोळीकडं बोट दाखवून रागावले. चरबी फार झालीय, अशी लठ्ठ मादी लवकर गाभण राहत नाही, हरभरे बंद, गाजर बंद, गवत वाढवा. शिवाय म्हणाले पिल्लं नको असतील तर ऑपरेशन करून घ्या, मोठ्या वयात माद्यांना गर्भाशयाचा कॅन्सर होतो. आम्ही ऐकलं अर्धंच. घरी येईपर्यंत पोरानं पिल्लांची नावं ठरवली होती. पिल्लं झाली तर ठेवणार कुठं, देणार कुणाला, हा प्रश्न मी एकटीनंच विचारला आणि एकटीनंच गिळला, तो मी जोरात विचारायला हवा होता.

हरभरे बंद झाल्यावर मात्र गंमत. ज्या मेथीला चार दिवस नाक मुरडलं ती पाचव्या दिवशी निम्मी खाल्ली, सहाव्या दिवशी परत शिवली नाही. सासूबाई रोज सकाळी वाटी बघून जाहीर करायच्या, "आज मन आहे", "आज नाही". जणू शेअर मार्केट.

२४ एप्रिलला नवऱ्याच्या मित्राकडं होटगी रोडला घेऊन गेलो, त्याच्याकडं काळा नर होता. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं असतं, उलट केलं तर ती आपल्या घरात घुसला म्हणून त्याला फाडून खाते. नेताना तिच्यासोबत कोथिंबीर दिली होती, मुलगी बघायला जाताना खाऊ न्यावा तशी. तिनं हुंगलीसुद्धा नाही. त्यानंही समोरची वाटी सोडली. सगळा कार्यक्रम काही सेकंदांचा, शेवटी काळूनं एक बारीक आवाज काढला आणि धाडकन एका कुशीवर पडला. सासूबाई ओरडल्या, "अगं बाई, मेला की काय!" मेला नव्हता, तशीच पद्धत असते. उठला आणि पाय चाटत बसला. आणि आमची बंडू? तिनं शांतपणे कोथिंबीर संपवली, मग त्याच्या वाटीतलं गवतही.

कालनिर्णयवर २५ मेला गोल केला, एकतीस दिवसांचा हिशेब. सोलापुरात तेव्हा पारा चाळिशीच्या वर, पिंजऱ्यावर ओलं पोतं, आत गोठवलेली पाण्याची बाटली, बंडू तिला टेकून पसरलेली. खाणं मात्र वाढलं. मेथी, हरळी, लसूणघास, काही उरेना. सासूबाईंचा चेहरा असा की मी म्हटलंच होतं.

आणि ११ मेच्या सकाळी मेथी परत तशीच. मी वाकून बघितलं तर बंडूच्या तोंडात आडवं गवत, दोन्ही बाजूनं झुबके, थेट झुपकेदार मिशा लावलेला फौजदार. ते नेऊन कोपऱ्यात ठेवायची, दाबायची, परत यायची. मग मान खाली घालून गळ्याच्या पोळीवरचे केस दातांनी उपटायला लागली, पांढरे पुंजके, पंख्याच्या वाऱ्यानं उडायचे आणि ती त्यांच्यामागं जायची. पोळी उघडी, गुलाबी दिसायला लागली. सासूबाई पिंजऱ्याशेजारी पाट टाकून बसल्या. "चौदा दिवस आधीच गं," म्हणाल्या, "सातव्या महिन्यातलं होणार वाटतं." दुपारची भाकरी त्यांनी तशीच झाकून ठेवली. भूक नाहीये म्हणाल्या, आणि या वेळी ते माझ्यावर नव्हतं.

पिल्लं झाली नाहीत. डॉक्टरनी फोनवरच सांगितलं, नर भेटला म्हणून बीज सुटलं, पण ते रुजलं नाही, तरी शरीराला ते उशिरा कळतं, सोळा-अठरा दिवस ते पिल्लं आहेत असं धरूनच चालतं. नराचा दोष नाही, उन्हाळ्यात इतक्या तापात नर काही आठवडे वांझच होतो, तुम्ही महिना चुकीचा निवडलात. होटगी रोडचा मित्र ते ऐकून जरा दुखावला.

सासूबाईंनी घरटं काढू दिलं नाही. "राहू दे, तिला वाटेल तेव्हा ती मोडेल." गवताची गोल वाटी, आत केसांचं अस्तर, मी बोट घालून बघितलं तर आत उबदार होतं, बाहेर एवढी आग पडलेली तरी.

तेरा तारखेला सकाळी मी मेथी घेऊन गेले. बंडू घरट्यात तोंड खुपसून बसली होती, कचकच आवाज येत होता. केस तेवढे बाजूला काढून ती गवत खात होती. मेथी ठेवली तर तीही ओढून घेतली. सासूबाई मागून आल्या, बराच वेळ बघत उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "कालची शेंगाचटणी आहे का गं थोडी?"