रस्सीखेच आणि उंबरा

न्यूटनचा तिसरा नियम नववीच्या पोरांना तोंडपाठ असतो. क्रिया आणि प्रतिक्रिया समान, दिशा विरुद्ध. तो फळ्यावर लिहून झाला, तोच मधल्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, मग रस्सीखेचीत कुणी जिंकतंच कसं? आम्ही त्यांना ओढतो तेवढंच ते आम्हाला ओढतात ना?"

"ताकद लागते," मागून एक आवाज आला आणि मुलं हसली. क्रीडा सामन्यांचा आठवडा होता, मुलं जिंकलेली होती. मला प्रश्न फार आवडला. १६८७ सालच्या 'प्रिन्सिपिया'त खुद्द न्यूटनने हा नियम सांगताना दोरीने दगड ओढणारा घोडा घेतला आहे. घोडा दगडाला जितका ओढतो, तितकाच दगडही घोड्याला मागे ओढतो.

प्रयोगशाळेतून दोन स्प्रिंगकाटे आणले, आकड्यात आकडा अडकवला आणि दोघांना ओढायला लावलं. एकाचा काटा ८ न्यूटनवर, दुसऱ्याचाही ८ वर. (अर्धी रेघ इकडेतिकडे, काटे जुने आहेत.) मग एका मुलाला बाजूला केलं आणि त्याच्या हातातलं टोक खिडकीच्या गजाला अडकवलं. दुसऱ्याने पुन्हा तेवढंच ओढलं. दोन्ही काटे ८ वरच. वर्ग गप्प. "म्हणजे गज ओढतोय?" एकाने विचारलं. हो, ओढतोय. गजाला हात नाहीत म्हणून बल लावता येत नाही, ही समजूत तिथेच मोडली, आणि माझ्या मते तासाचं खरं काम तेवढंच होतं.

पण जिंकण्याचा प्रश्न उरलाच होता. सभागृहाच्या दारातून जाड दोर टाकला. आत गुळगुळीत पॉलिश केलेली फरशी, बाहेर खरबरीत सिमेंटचा ओटा. वर्गातले पाच दांडगे मुलगे आत, बूट काढून मोज्यांवर. पाच मुली बाहेर, रबरी तळाचे बूट घालून. शिट्टी वाजली आणि मुलगे उभ्याउभ्याच दाराकडे घसरत आले. एकाने शेवटी उंबऱ्याला पाय टेकवला आणि सगळी घसरण जागच्या जागी थांबली.

"चीटिंग!" मुली ओरडल्या. सामन्यात चीटिंग असेल, भौतिकशास्त्रात नाही. उंबरा त्याला मागे रेटत होता.

मग फळ्यावर हिशेब. मुलींना वर्गात वजन विचारणं बरं नव्हे, म्हणून सरसकट मुलगा ५२ किलोचा, मुलगी ४० किलोची धरली. घर्षणाचे गुणांकही (पकड किती, हे सांगणारे आकडे) अंदाजाचे: मोजे आणि फरशी ०.२, रबर आणि सिमेंट ०.६. मुलग्यांना फरशीकडून जास्तीत जास्त मिळणारं घर्षणबल २६० × ९.८ (गुरुत्वत्वरण) × ०.२, म्हणजे सुमारे ५१० न्यूटन. मुलींना २०० × ९.८ × ०.६, म्हणजे ११७६. दोरातला ताण ५१० च्या वर गेला की मुलगे घसरणारच, मग दंड कितीही कमावलेले असोत. दोर दोन्ही संघांना सारखाच ओढतो, पण ती दोन बलं दोन वेगळ्या संघांवर लागतात, म्हणून एकमेकांना रद्द करत नाहीत. एका संघावर दोराचं बल एकीकडे आणि जमिनीचं दुसरीकडे. या दोघांत जे उरतं, ते असंतुलित बल त्या संघाला हलवतं. हा झाला दुसरा नियम.

जागा आणि पादत्राणं बदलली, तेव्हा अर्थातच मुली घसरल्या.

दुपारी क्रीडाशिक्षकांनी गाठलं. पुढच्या फेरीसाठी काय करू? म्हटलं, झिजलेल्या तळाचे बूट आधी बदला, वजनदार मुलं घ्या, गुडघे वाकवून मागे रेलायला सांगा. ते म्हणाले, "हे तर मी कधीचंच सांगतोय, पण पोरं ऐकतील तर ना!"