लेट्यूसला दांडा फुटला की

संक्रांत गेली की गच्चीवरच्या लेट्यूसचं डोकं फिरतं. परवापर्यंत कुंडीभर कसा छान पसरून बसलेला असतो, रोज चार पानं खुडा, सँडविचमध्ये घाला, आणि मग एक दिवस मधोमध दांडा वर निघतो, पानं लहान आणि टोकदार व्हायला लागतात, देठ मोडला की पांढरा चीक येतो आणि चव कडूझार. मग मैत्रिणींचे फोन, अगं काय झालं याला, खत कमी पडलं का, कीड आहे का. काही नाही गं, त्याला आता बी धरायचंय.

पुण्याकडे हे फेब्रुवारीत ठरलेलंच. लेट्यूस थंडीतला गडी, दिवस मोठा व्हायला लागला आणि दुपार तापायला लागली की त्याच्या आत जिबरेलिन नावाचं हार्मोन वाढतं आणि दांडा सरसर उंच होतो. कुंडी लहान असेल, एखाद-दोन दिवस पाणी चुकलं असेल तर अजूनच घाई. शेंडा खुडून, सावलीसाठी हिरवी नेट बांधून चार-आठ दिवस मिळतात, नाही असं नाही, पण एकदा ठरवलेलं झाड माघारी फिरत नाही. आणि ती कडू पानं बर्फाच्या पाण्यात बुडवून, वर मध-लिंबाचं ड्रेसिंग ओतून खाण्यात मला तरी काही अर्थ वाटत नाही. सॅलड म्हणून ते संपलं.

भाजी म्हणून मात्र संपलेलं नाही. आपण कारली खाणारी, मेथी खाणारी माणसं, जरा कडू लागलं म्हणून काय एवढं! भरपूर लसणाची फोडणी, भिजवलेली मूगडाळ, एखादी सुकी मिरची, त्यात ही पानं चिरून टाकायची, वरून थोडं ओलं खोबरं. मस्त लागते. दांडा जून व्हायच्या आत, म्हणजे फुलं यायच्या आधी कापला तर तोही खाता येतो, फक्त साल जाड काढायची कारण कडूपणा सगळा त्या चिकात आणि चीक जास्त सालीखाली, आतला पोपटी गाभा कुरकुरीत असतो. चीनमध्ये तर खास जाड दांड्यासाठीच वेगळा लेट्यूस लावतात. आणि प्राचीन इजिप्तवाले मिन नावाच्या त्यांच्या प्रजननाच्या देवाला उंच वाढलेला लेट्यूस वाहायचे, त्या पांढऱ्या चिकामुळेच म्हणे, म्हणजे आपण ज्याच्यावर वैतागतो तेच त्यांच्या देवाला आवडायचं.

मला गंमत याची वाटते की लेट्यूस फुलावर आला की आपण हळहळतो, आणि आपल्या स्वयंपाकघरातला निम्मा मसाल्याचा डबा असल्याच फुलावर गेलेल्या भाज्यांनी भरलेला आहे. कोथिंबीर हातची गेली म्हणूनच धने आले ना? शेपू गेला की बाळंतशोपा. मुळा तर मुद्दाम जाऊ द्यावा, डिंगऱ्यांची, म्हणजे त्याच्या शेंगांची भाजी मिळणार असेल तर मुळ्याचं मला काही दुःख नाही, कोवळ्या असतानाच तोडायच्या पण, दोऱ्या धरल्या की चावत बसा. बाझिलचं तेच, पास्त्यासाठी लावलेलं असलं तरी तुरे वाळले की त्यातून सब्जा निघतो, उन्हाळ्यात सरबतात घालायला. पानं हवी असतील तर तुरे दिसले की खुडायचे, आई तुळशीच्या मंजिऱ्या येता-जाता खुडत असते तसंच.

आणि ते महागडं रॉकेट, ज्याची चार पानं मॉलमध्ये प्लास्टिकच्या डबीत असतात, ते म्हणजे राजस्थानातला तारामिरा. तिकडे कोरडवाहू जमिनीत तेलबी म्हणून लावतात, म्हणजे तिथे ते फुलावर जाणं हेच पीक! आपल्या कुंडीतलं रॉकेट गेलं तर त्याची जांभळट शिरांची फिकट फुलं काकडीच्या कोशिंबिरीवर टाकायची, पानांइतकीच झणझणीत असतात.

अर्थात हे सगळं गच्चीवरच्या माणसाचं बोलणं झालं. नाशिककडे कांद्याला डेंगळे आले तर शेतकऱ्याला असलं काही सुचणार नाही, मधे दांडा आलेला कांदा चाळीत टिकत नाही आणि बाजारात भाव पडतो. त्याचं नुकसान ते खरं नुकसान, आपली दोन सँडविचं बुडाली तर बुडाली.

माझ्याकडे आता मार्चपर्यंत अर्धी गच्ची जंगलासारखी असते. आई वर आली की म्हणते, "अगं उपट ते, किती माजलंय." नाही उपटत. कोथिंबिरीच्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात, लेडीबर्ड येतात, आणि शेजारच्या मिरचीवरचा मावा लेडीबर्ड फस्त करतात, फवारणी वाचते. शिवाय हिरवे धने! बाजारात ते क्वचितच दिसतात. ताज्या हिरव्या धन्यांचा ठेचा एकदा करून बघा, लसूण-मीठ घालून, भाकरीबरोबर.

लेट्यूसचं बी धरायचं तर एक लक्षात ठेवायचं, सगळ्यात आधी ज्याला दांडा आला त्याचं बी घ्यायचं नाही, पुढच्या वर्षीही ते घाईच करणार. जे झाड सगळ्यात शेवटपर्यंत तग धरून राहिलं त्याला काठीचा आधार देऊन वाढू द्यायचं. पाकिटावर हायब्रिड लिहिलेलं असेल तर मात्र जास्त आशा नको, पोरं आईबापांवर जातीलच असं नाही. फुलं अगदी बारकी, पिवळी, सकाळी काही तास उघडतात आणि मिटतात, परागीभवन आपलं आपण उरकतात. मग दोन-तीन आठवड्यांत त्यावर पांढरा कापूस दिसायला लागतो, तो दिसला की कागदी पिशवीत चोळायचं, ताटलीत घेऊन हळूच फुंकायचं. एका झाडाचं बी निम्म्या सोसायटीला पुरतं. नीट वाळवून काचेच्या बाटलीत, वर नाव आणि साल.

पेरायचं दसऱ्याच्या सुमारास, पण तेव्हा ऑक्टोबर हीट असते आणि तिशीच्या वर पारा असला की लेट्यूसचं बी रुसून झोपून राहतं. म्हणून आधी ओल्या टिश्यूत गुंडाळून दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवायचं, मग मातीवर नुसतं भुरभुरायचं, खोल पुरायचं नाही, त्याला उजेड लागतो. फक्त दह्याच्या भांड्यामागे ठेवलेली ती ओली पुरचुंडी कुणी कचरा समजून टाकत नाही ना, तेवढं बघायचं.