बर्फ म्हणजे कोरा कागद

"ताई, बर्फ पिवळा पडलाय. धुऊन देता येईल का?" काकांनी जुनी चौकट टेबलावर ठेवत विचारलं. त्यांच्या वडिलांनी दार्जिलिंगहून आणलेलं चित्र. घरात त्याला सगळे 'कांचनगंगेचं कॅलेंडर' म्हणायचे.

कागदावरच्या चित्रांची डागडुजी मी रोज करते, त्यामुळे मागचा पुठ्ठा सोडवताना विशेष काही वाटलं नाही. माउंट, म्हणजे चित्रावर बसवलेला, मधे खिडकी कापलेला पुठ्ठा, मात्र कडांना घट्ट चिकटला होता. तो मिलिमीटर-मिलिमीटर सुटायला दुपार उजाडली. माउंट उचलला तर डाव्या समासात दोन अक्षरांचा जपानी शिक्का आणि खाली पेन्सिलीची सही. भिंगातून पाहिलं तेव्हा शिसं चमकलं. हिरोशी योशिदा! शिक्का 'जिझुरी'चा, म्हणजे छपाई त्यांच्या स्वतःच्या देखरेखीखाली झालेली. माझे हात थांबलेच.

योशिदा हे जपानी चित्रकार, मूळचे तैलरंग आणि जलरंगातले, पाश्चात्त्य पद्धतीनं शिकलेले, आणि हाडाचे गिर्यारोहक. चाळिशी उलटल्यावर ते लाकडी ठोकळ्यांच्या छपाईकडे वळले. 1925 मध्ये त्यांनी ठोकळ्यांच्या एकाच संचावरून आल्प्समधला मॅटरहॉर्न डोंगर दिवसाचाही छापला आणि रात्रीचाही; बदलले ते फक्त रंग. हिंदुस्थानच्या दौऱ्यात त्यांनी कांचनगंगा पाहिली आणि 1931 मध्ये ती छापली. डोंगरावरचा उजेड पकडणारी नजर तैलचित्रकाराची, पण काम ठोकळा, पाण्यात कालवलेला रंग आणि बारेनच्या, म्हणजे कागद ठोकळ्यावर घासायच्या चपट्या गोल गादीच्या, दाबाचं. ठोकळ्यावरच ओला रंग विरळ करत नेला की आकाश वरून खाली फिकट होत जातं. याला बोकाशी म्हणतात. मला तर त्याच्यासमोर कुंचल्यानं रंगवलेलं आकाश जड वाटतं.

आता धुण्याचा प्रश्न. आकाशाच्या कडेला सुईच्या टोकाएवढा पाण्याचा थेंब ठेवला आणि वर टिपकागद दाबला. टिपकागदावर फिकट निळा ठिपका उमटला. रंग सुटत होता. पाण्यात घातलं असतं तर ती बोकाशी वाहून गेली असती.

संध्याकाळी काका आले. मी चित्र हलकेच उलटं केलं. कागदात मुरलेल्या रंगामुळे मागच्या बाजूलाही डोंगर उमटला होता, उजव्या-डाव्याची अदलाबदल होऊन.

"काका, सर्वांत उजळ बर्फावर रंगच नाहीये. तिथे कागद कोरा ठेवलाय. कागद पिवळा पडला, म्हणून बर्फ पिवळा."

"मग?"

"धुवायचं नाही. आम्लानं भरलेला पुठ्ठा काढलाय, तो परत लावायचा नाही. पिवळेपणा मागे फिरणार नाही, पण वाढण्याचा वेग कमी होईल. गव्हाच्या खळीनं जपानी कागदाच्या दोन पट्ट्या लावून नव्या माउंटवर टांगते. खिडकी मात्र मोठी कापते, म्हणजे सही दिसेल."

काका बराच वेळ त्या उलट्या कांचनगंगेकडे पाहत होते. मग म्हणाले, "बाबांनी सही पाहिली असेल का हो?"

माउंट तर दार्जिलिंगहूनच लागून आला होता.