ती उत्तम होती, तरीही

मी कास्टिंग डायरेक्टरची सहायक आहे. ऑडिशनमध्ये कॅमेऱ्याशेजारी बसून क्यू देणं, म्हणजे समोरच्या पात्राचे संवाद वाचणं, हा माझा सगळ्यात आवडता भाग. त्या दिवशी एका चित्रपटातल्या धाकट्या बहिणीच्या भूमिकेसाठी कॉलबॅक होते, म्हणजे पहिल्या फेरीतून निवडलेल्यांना पुन्हा बोलावून बघणं.

तोवर बरीच चाळणी झाली होती. पटकथा वाचून, दिग्दर्शकाशी बोलून आम्ही पात्राचं ब्रीफ तयार करतो: वयोगट, स्वभाव, बोलण्याची ढब. ते एजंटांकडे आणि कलाकारांकडे जातं, मग सेल्फ टेप, म्हणजे कलाकारांनी स्वतःच चित्रित केलेल्या ऑडिशन, येतात. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. मागे साधी भिंत, चेहऱ्यावर उजेड, स्वच्छ आवाज, आणि क्यू देणारा कॅमेऱ्याला लागून उभा, म्हणजे डोळे नीट दिसतात. चांगला अभिनय असलेल्या कितीतरी टेप निव्वळ आवाज फाटल्यामुळे मागे पडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

थोरलीची भूमिका आधीच लॉक झाली होती. ती अभिनेत्री स्वतः आली होती, कारण आता दोघींना एकत्र बघायचं होतं. सीन दवाखान्यातला. धाकटी विचारते, "मला कळवलं का नाहीस?"

एका मुलीने पहिला टेक चिडून केला. चांगलाच होता. दिग्दर्शक म्हणाले, "आता तुला भांडायचंच नाहीये. तुला फक्त घरी जायचंय." अशी सूचना मिळाली की बरेच जण घाबरतात, आपलं काहीतरी बिघडलं असं समजतात. खरं तर सूचना झेलून कलाकार किती बदलू शकतो, एवढंच तेव्हा बघायचं असतं. ही मुलगी क्षणभर थांबली. मग स्वेटरची बटणं लावायला लागली आणि शेवटच्या बटणाशी, मान वर न करता तिने तेच वाक्य म्हटलं. थोरली आपला संवादच विसरली. तो मला पुटपुटून द्यावा लागला.

खोलीतल्या सगळ्यांना तीच हवी होती.

मग आम्ही रेकॉर्डिंग लावलं, आणि फ्रेममध्ये धाकटीसाठी आलेली ही मुलगीच थोरली वाटत होती. चेहऱ्यानं नव्हे, ठेहरावानं. ती बोलली की दुसरी आपोआप लहान व्हायची, आणि कथेत सगळं ओझं थोरलीच्या खांद्यावर आहे. भूमिकांची अदलाबदल करता येईल का, हेही बोलून झालं, पण थोरलीचा करार झाला होता. मी या मुलीसाठी भांडले. शेवटी दुसऱ्या मुलीला घेतलं. तिचा टेक एवढा चमकदार नव्हता, पण दोघी शेजारी उभ्या राहिल्या की एका घरातल्या वाटायच्या. निर्णय बरोबर होता, हे मला मान्य करावं लागलं.

कास्टिंगमध्ये एवढं काय असतं, असं लोक विचारतात. बाफ्टाने, म्हणजे ब्रिटनच्या चित्रपट पुरस्कारांनी, २०२० मध्ये कास्टिंगला स्वतंत्र पुरस्कार दिला, ऑस्करमध्ये तो २०२६ च्या सोहळ्यापासून आला. आमच्या कामाची खरी परीक्षा अशाच ठिकाणी असते: एकेकटा कलाकार नव्हे, सगळे मिळून एक जग उभं राहतं की नाही.

पहिल्या फेरीतल्या प्रत्येकाला नकार कळवणं आम्हाला जमत नाही. पण कॉलबॅकपर्यंत आलेल्या माणसाला वाट बघत ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. मी त्या स्वेटरवाल्या मुलीला फोन केला.

"माझं कुठे चुकलं का?" तिने विचारलं.

मी सांगितलं, "नाही. जोडी जुळली नाही. तुझा दुसरा टेक दिग्दर्शकांनी तीनदा लावायला सांगितला."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तो टेक आमच्याकडे राहणार का, एवढंच तिने विचारलं. राहतो. ऑडिशन फुकट जात नाही ती यामुळेच. आम्ही जुन्या टेप सतत उघडत असतो. पुढच्या आठवड्यात एका मालिकेसाठी ब्रीफ आलं: घर एकटीने सांभाळणारी थोरली मुलगी. मी पहिल्यांदा तिचीच टेप पाठवली. अजून उत्तर आलेलं नाही.